ट्रेलर ओढायला पेट्रोल ट्रक की डिझेल? या चुका टाळा

अमेरिकेत 'गॅस ट्रक' म्हणजे पेट्रोलवर चालणारा ट्रक. त्याचा सीएनजीशी संबंध नाही आणि ट्रेलरच्या नाकावर बसवलेल्या प्रोपेनच्या दोन टाक्यांशीही नाही. इथे आपण सरळ पेट्रोलच म्हणू. ट्रेलर म्हणजे बिछाने, मोरी, ओटा असलेला, ट्रकमागच्या हिचला (जोडणीच्या आकड्याला) लावून ओढायचा ट्रॅव्हल ट्रेलर, साधारण २५ ते ३० फुटी.

भारतातला डिझेलचा हिशेब इथे लावणे

'डिझेल म्हणजे स्वस्त' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, कारण तिकडे लिटरमागे डिझेल स्वस्त मिळतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उलट आहे: गॅलनमागे डिझेल महाग. शिवाय पाऊण टनी किंवा एक टनी ट्रकमध्ये (अर्धा, पाऊण, एक टनी ही ट्रकच्या लहान-मोठ्या वर्गांची नावं, खरं वजन नव्हे) डिझेल इंजिन घ्यायचं म्हणजे किमतीत साधारण दहा हजार डॉलरची भर.

आकडे मांडूनच बघा. वर्षाला ५,००० मैल ट्रेलर लावून आणि ७,००० मैल रिकामं चालवणं धरू. पेट्रोल ३.२० डॉलर, डिझेल ३.८० डॉलर. ट्रेलर मागे असताना पेट्रोल ट्रक गॅलनला ९ मैल देतो, डिझेल १२. रिकामा असताना १४ आणि १८. ओढण्यात वाचतात सुमारे १९५ डॉलर, रिकाम्या फेऱ्यांत सुमारे १२०. वर्षाचे झाले ३१५. यातून डीईएफचे (डिझेलचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) ऐंशीएक डॉलर वजा करा. मग डिझेलचे फ्युएल फिल्टर आणि जास्तीचं ऑइल (रॅममधल्या कमिन्स ६.७ डिझेलला १२ क्वार्ट लागतं, फोर्डच्या ७.३ पेट्रोलला ८). हातात उरतात शंभर-सव्वाशे डॉलर. त्यातून दहा हजार वसूल करायला बसलात तर नातवंडं ट्रेलर ओढायला लागतील. डिझेल ट्रक विकताना जास्तीच्या किमतीतला बराचसा भाग परत मिळतो, हे खरं. तरीही इंधनाच्या बचतीसाठी डिझेल घेऊ नका. ते घेण्याची चांगली कारणं वेगळी आहेत, पुढे येतील.

जाहिरातीतला 'टोइंग' आकडा धरून ट्रक निवडणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि डिझेल घेणारे तीत जास्त सापडतात.

'१३,००० पौंड ओढतो' असं लिहिलेलं असतं, पण ट्रॅव्हल ट्रेलरच्या बाबतीत तो आकडा गाठायच्या कितीतरी आधी पेलोड, म्हणजे खुद्द ट्रकवर लादता येणारं वजन, संपतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरची माहिती देणारा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये, ते त्यावर छापलेलं असतं. माहितीपत्रकात दिलेला पेलोड त्या मॉडेलचा कमाल असतो. स्टिकरवरचा त्याच एका गाडीचा, सनरूफ आणि विजेच्या पायऱ्यांसकट. खरेदीला गेलात की आधी दार उघडून तो वाचा.

आता बेरीज. ट्रेलरच्या कागदावर कोरडं वजन ६,२०० पौंड. त्यात ४५ गॅलन पाणी भरलं की पावणेचारशे पौंड वाढले, कारण एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं. प्रोपेनच्या भरलेल्या दोन टाक्या, बॅटऱ्या, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, प्रेशर कुकर आणि आठवड्याचा शिधा धरला की ७,५०० सहज होतं. ट्रॅव्हल ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार हिचवर यावा लागतो. १३ टक्के धरले तर ९७५ पौंड. चौघांचं कुटुंब ५६० पौंड, वेट डिस्ट्रिब्युशन हिच (ट्रेलरचा भार पुढच्या चाकांवरही वाटणारी जोडणी) ९०, ट्रकमागच्या उघड्या हौद्यात, म्हणजे बेडमध्ये, जनरेटर, सायकली, हत्यारं मिळून २५०. एकूण १,८७५. देशातून आई-बाबा आले असतील आणि तेही सोबत असतील, तर २,१५० च्या पुढे.

अर्धा टनी ट्रकच्या स्टिकरवर अनेकदा १,५०० च्या आसपास आकडा असतो. म्हणजे तो प्रश्न तिथेच मिटला. पण पुढची गोम लक्षात घ्या. अनेक पाऊण टनी ट्रकचं एकूण कमाल वजन १०,००० पौंडांवरच थांबवलेलं असतं, इंजिन कुठलंही असो. डिझेल इंजिन आणि त्याचा सगळा संसार कित्येकशे पौंड जड. ते वजन थेट पेलोडमधून जातं. म्हणून साध्या ट्रिमच्या पेट्रोल एफ-२५० वर (फोर्डचा पाऊण टनी) ३,००० च्या आसपास दिसतं आणि चामड्याच्या सीटच्या डिझेलवर २,००० च्या आसपास. 'ताकदवान' म्हणून घेतलेला ट्रक सहा जणांसह कागदावर ओव्हरलोड होतो. डिझेलच हवं असेल तर एक टनी सिंगल रिअर व्हीलचा (मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक असलेल्याचा) भाव विचारा. पाऊण टनीच्या तुलनेत फरक थोडा असतो आणि पेलोड बराच वाढतो.

अर्धा टनीतलं छोटं डिझेल हा मोहाचा सापळा आहे. जीएमचं ३.० लिटर ड्युरामॅक्स (३०५ अश्वशक्ती, ४९५ पौंड-फूट टॉर्क) सुंदर चालतं, मायलेजही देतं, पण त्याच्या खालची चेसिस आणि स्टिकर अर्धा टनीचेच. फोर्डने एफ-१५० मधलं डिझेल २०२१ मध्ये आणि रॅमने इकोडिझेल २०२३ मध्ये बंद केलं. जुन्या बाजारात ती दिसतील, सुट्या भागांची चौकशी करूनच घ्या.

फक्त चढाचा विचार करणे

टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. म्हणजे जीएमचं ६.६ लिटर पेट्रोल, कागदावर ४०१ अश्वशक्तीचं, तिथे जेमतेम २७० चं उरतं. टर्बो डिझेलला हवा कोंबून मिळते, त्यामुळे फारसा फरक पडत नाही. एफ-१५० मधलं ३.५ इकोबूस्ट हे टर्बो पेट्रोलही उंचीवर तग धरतं. टेक्सास ते फ्लोरिडा सपाटीवर फिरणाऱ्याला मात्र या परिच्छेदाशी काही देणंघेणं नाही.

चढाला पेट्रोल इंजिन ४,००० ते ५,००० आरपीएमवर ओरडतं आणि नवखा घाबरून पाय काढतो. पाय काढू नका. ते इंजिन तिथेच ताकद देण्यासाठी बनलंय. डिझेल तेच काम २,००० च्या जरा वर, गप्पा मारता येतील इतक्या आवाजात करतं. रोज आठ तास चालवणाऱ्याला या शांततेची किंमत मोठी. वर्षात तीन सहली करणाऱ्याने तिच्यासाठी दहा हजार मोजावेत का, हे त्याने ठरवावं.

खरा फरक उतारावर कळतो. पेट्रोल इंजिनात पाय काढला की थ्रॉटल मिटतो, आत पोकळी तयार होते आणि इंजिन गाडीला मागे धरतं. डिझेलला तसा हवा अडवणारा थ्रॉटल कामाला नसतो, म्हणून नुसत्या डिझेलचं इंजिन ब्रेकिंग दुबळं. ती उणीव एक्झॉस्ट ब्रेक भरून काढतो: टर्बोच्या पात्या मिटतात, धुराची वाट अरुंद होते, इंजिनावर उलट दाब येतो. डॅशबोर्डवर त्याचं बटण असतं, आणि ते दाबलंच नाही म्हणून ब्रेक तापवून बसलेले लोक दर उन्हाळ्यात दिसतात. कॅलिफोर्नियातली ग्रेपव्हाइन, म्हणजे ६ टक्क्यांचा सलग पाचेक मैलांचा उतार, सुरू व्हायच्या आधी टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर धरून ठेवणारी सोय) आणि एक्झॉस्ट ब्रेक दोन्ही लावा आणि वेग आधीच कमी करा. ब्रेक लागलाच तर ठाम दाबून वेग पाच-दहा मैलांनी उतरवा आणि सोडा. पाय नुसता टेकवून ठेवला की पॅड तापतात. बर्फावर एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवा, मागची चाकं घसरतात.

आपल्याकडचा नियम, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, पेट्रोलला चपखल बसतो. डिझेल चढ वरच्या गिअरमध्ये चढून जातं, म्हणून उतरताना एक गिअर खाली ठेवा.

डिझेल घेऊन दूध-भाजी आणणे

डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी धरणारा फिल्टर. ती जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. शाळा, ऑफिस, इंडियन ग्रोसरी अशा चार मैलांच्या फेऱ्यांत तो तापत नाही, काजळी साचते, ती जाळण्याची क्रिया, म्हणजे रीजनरेशन, अर्धवट तुटते. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास हायवेवर चालवणं होणार नसेल तर पेट्रोल घ्या, फार विचार करू नका.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं पाणी. ते उणे ११ अंश सेल्सियसला गोठतं. टाकीला हीटर असतो, पण गराजमध्ये ठेवलेला डबा गोठतो आणि ट्रकच्या बेडमध्ये उन्हात ठेवलेला खराब होतो. तारीख बघून, लागेल तेवढंच घ्या.

चुकीच्या टाकीत चुकीचं द्रव

डिझेलची नळी बहुधा हिरवी असते, पण बीपीच्या पंपांवर पेट्रोलची नळी हिरवी असते. रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा. डिझेल ट्रकमध्ये पेट्रोल गेलं तर किल्लीसुद्धा फिरवू नका. डिझेल हेच उच्चदाब पंपाचं वंगण असतं. पेट्रोल आलं की पंप कोरडा घासतो आणि लोखंडाचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो. त्याची दुरुस्ती हजारो डॉलरची. टाकी रिकामी करणं त्यामानाने किरकोळ. डीईएफ डिझेलच्या टाकीत ओतलं तरी हेच: बंद ठेवा, ढकला, टो करून न्या. डीईएफचं झाकण निळं असतं.

पंपाशी एक सोय मात्र डिझेलवाल्याला मिळते. ५० फुटी जोडगाडी घेऊन ट्रक स्टॉपच्या मोठ्या लेनमध्ये सरळ शिरता येतं, सरळ बाहेर पडता येतं. पेट्रोलवाल्याला गाड्यांच्या गर्दीत वळवावं लागतं. डिझेलचा हा फायदा विक्रेते क्वचित सांगतात. तिथली नळी मोठ्या धारेची असते, हळू भरा, नाहीतर बुटांवर.

बिघाड दिसला तर

पेट्रोल ट्रक चढावर सारखा गिअर बदलतोय: टो-हॉल लावा, वरचे दोन गिअर बंद करा. तरी तेच, तर ॲक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला दांडा किती फेरे घेतो तो आकडा) कमी पडतोय. ३.७३ ऐवजी ४.३० चा ट्रक घ्यायला हवा होता.

डिझेलवर 'एक्झॉस्ट फिल्टर भरला' असा संदेश: इंजिन बंद करू नका, हायवेवर २०-३० मिनिटं एकसारखं चालवा. फॅनचा आवाज वाढणं, मायलेज पडणं, गरम वास ही रीजनरेशनची लक्षणं आहेत, बिघाडाची नाहीत. त्या अवस्थेत सुक्या गवतावर गाडी उभी करू नका.

'इंधनात पाणी' दिवा: फिल्टरखालचा नळ उघडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढा. पुन्हा लगेच लागला तर पंपावरचं इंधनच खराब आहे.

थंडीत डिझेल दहा मिनिटं चालून बंद पडतंय: डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबलाय. मिनेसोटासारख्या राज्यात हिवाळी मिश्रणच भरा आणि रात्री ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) लावा. फ्लोरिडात भरलेली टाकी घेऊन जानेवारीत उत्तरेला गेलात की हे हमखास होतं.

हेडलाइट आकाशात आणि स्टिअरिंग हलकं: पुढच्या ॲक्सलवरचं वजन उचललं गेलंय. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे बार घट्ट करा. ट्रेलर डोलायला लागला तर ट्रकचा ब्रेक दाबू नका, ॲक्सलरेटरवरून पाय अलगद काढा आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची) पट्टी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. हे दोन्ही दोष इंजिनाचे नाहीत, डिझेल घेऊन सुटत नाहीत.

घ्यायचा ट्रक आणि ट्रेलर ठरले की एकदा कॅट स्केलवर (ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर) जा. पुढची चाकं पहिल्या पत्र्यावर, मागची दुसऱ्या, ट्रेलर तिसऱ्या. मिळालेल्या कागदातले पहिले दोन आकडे दारातल्या ॲक्सल मर्यादांशी ताडून बघा. मग ट्रेलर सोडून फक्त ट्रक पुन्हा तोला. दोन्ही वेळच्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे हिचवरून ट्रकवर येणारा भार. सगळी माणसं गाडीत बसलेली असताना तोला, कारण सहलीला ती उतरून चालत येणार नाहीत.