दीक्षाभूमीचा घुमट पांढराच दिसावा म्हणून

नागपूरच्या दीक्षाभूमीच्या स्तूपाचे फोटो दोन प्रकारे बिघडतात. घुमट मळकट राखाडी येतो, नाहीतर त्यावरचे बारकावे पार उडतात. दोन्हींमागे कारण एकच: कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे असे धरून चालते. चौकट घुमटानेच भरली असेल, तर ते प्रकाश कमी करते. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करण्याची सोय) +०.७ ते +१ ठेवा. झाडे आणि सावली जास्त, घुमट लहान, असे असेल तर उलट करा, –०.७ पासून सुरू करा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या कडेला आदळता कामा नये. मोबाइलवर घुमटावर बोट दाबून धरा आणि फोकस लॉक झाला की उजेडाची पट्टी हवी तशी सरकवा.

भर दुपारी जाऊ नका. गोलाई दिसते ती बाजूने पडणाऱ्या उन्हामुळे. सकाळी उघडल्या उघडल्या किंवा मावळतीआधीचा तास घ्या. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, लेन्सचे छिद्र एफ/८ पुरेसे. कॅमेरा वर रोखला की खांब आत झुकतात, म्हणून मागे जा, कॅमेरा सरळ धरा आणि खालची जास्तीची फरशी नंतर कापा.

सांचीचा स्तूप भरीव आहे, हा आतून पोकळ. आत फोटो काढायचे तर आधी परवानगी विचारा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथे लोक वंदनेला येतात. कोणाच्या तोंडासमोर लेन्स नेऊ नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रिकामा स्तूप मिळणारच नाही. त्या दिवशी गर्दीचाच फोटो काढावा, तोच खरा.

नागपुरातल्याच फुटाळा तलावावर सूर्य पाण्यापलीकडे मावळतो. मीटर सूर्याच्या बाजूच्या आकाशावर घ्या, थेट सूर्यावर नको. सूर्य बुडाल्यावर लगेच ट्रायपॉड आवरू नका, चांगला रंग बऱ्याचदा पुढच्या १५–२० मिनिटांत येतो. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातच्या आसपास, आणि बराच उत्तरेकडे सरकलेला असतो. हिवाळ्यात हेरलेली जागा तेव्हा चालत नाही.

नागपूरजवळच्या रामटेकला गडावर वानरे आहेत. खाऊ आणि लेन्स एका पिशवीत ठेवू नका.

पावसाळ्यात एसी गाडीतून उतरताच लेन्स धुरकटते. पुसू नका, पुन्हा तसेच होते. कॅमेरा बंद पिशवीतच २०–३० मिनिटे बाहेरच्या हवेत राहू द्या, मगच काढा.