घरात उंदीर पुन्हा पुन्हा येतात? या चुका टाळा

पिंजऱ्यात एक उंदीर सापडतो, आठवडाभर शांतता असते आणि मग एका रात्री ओट्याखाली पुन्हा खुडबुड सुरू होते. अशा घरांत पिंजरा किंवा औषध वाईट असतं असं नाही. वाट उघडी राहिलेली असते. सिंकच्या पाइपाभोवतीची फट तशीच ठेवून उंदीर मारत बसलं, तर गेलेल्याच्या जागी डक्टमधला (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतला) किंवा गटारातला दुसरा येतो. घरउंदरीण साधारण 3 आठवड्यांत विते, एका वेताला 5-6 पिल्लं होतात आणि ती दीड-दोन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. मारण्याच्या वेगाने हे गणित जिंकता येत नाही. म्हणून आधी भोकं बुजवायची, पिंजरा त्याच्या जोडीला.

कोण आलंय हे न पाहताच सामान आणणं

लेंड्या नीट बघा. जिऱ्याच्या दाण्याएवढ्या, टोकदार आणि सगळीकडे विखुरलेल्या असतील तर ती लहान घरउंदरं आहेत. सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, जाडसर आणि एखाद्या कोपऱ्यात जास्त असतील तर मोठा उंदीर. त्याहून मोठ्या लेंड्या आणि जोत्याजवळ, कुंपणाशी किंवा चेंबरच्या कडेला उकरलेल्या मातीचे ढीग दिसले तर घूस. ताजी लेंडी काळी, चकचकीत आणि मऊ असते. जुनी राखाडी पडते आणि काडीने दाबली की भुगा होतो. सगळ्या जुन्याच असतील तर पाहुणा कधीच निघून गेलेला असू शकतो.

चिचुंद्रीचा घोळ तर हमखास होतो. लांब सोंड, चिरचिर आवाज, उग्र वास आणि भिंतीला घासून पळणं ही तिची खूण. ती उंदरांच्या जातीतली नाही, धान्य आणि वायरी कुरतडत नाही, झुरळं आणि किडे खाते. उंदराचं औषध घातलेलं धान्य तिच्यापुढे ठेवून काही होत नाही. नहाणीची जाळी बसवा, झुरळं कमी करा, ती आपोआप येईनाशी होते.

मोठं भोक शोधत बसणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लोक मूठभर मोठं बीळ शोधतात आणि पेन्सिलीएवढी फट सोडून देतात. साधी पेन्सिल सरकली की घरउंदीर आत येऊ शकतो, त्याला 6 मिलिमीटर पुरतात. अंगठा जाईल एवढ्या भोकातून मोठा उंदीर सहज शिरतो, त्याची पिल्लं 12 मिलिमीटरमधूनही येतात. डोकं गेलं की बाकीचं अंग तो मागून ओढून घेतो.

म्हणून एक पेन्सिल आणि टॉर्च घेऊन जमिनीवर बसा. किचन ट्रॉलीचा सगळ्यात खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. ट्रॉलीमागे टाइल्स बहुतेक वेळा लावलेल्याच नसतात आणि सिंकचा आउटलेट पाइप भिंतीत जातो तिथे कच्चं फोडलेलं भोक तसंच असतं. मग वॉशिंग मशीनचा पाइप, गॅसची पाइपलाइन, एसीच्या तांब्याच्या नळ्या, इंटरनेटची केबल, एक्झॉस्ट फॅन, नहाणी, मुख्य दाराखालची फट आणि सरकत्या खिडकीचे कोपरे. नळाभोवतीची चकचकीत स्टीलची फ्लँज फसवी असते. तिच्यामागे दीड इंचाचं भोक लपलेलं असू शकतं, म्हणून ती सरकवून पाहा. वाट रोजची असेल तर कडेला तेलकट काळपट डाग दिसतो, उंदराच्या अंगाचं तेल घासून तो पडतो.

भोक चालू आहे की बंद, हे ओळखायला खर्च नाही. वर्तमानपत्राचा अर्धा कागद चुरगाळून भोकात सैलसर कोंबा आणि दोन रात्री थांबा. कागद बाहेर ढकललेला, आत ओढलेला किंवा कडेला बारीक दातांच्या नक्षीने कुरतडलेला दिसला की ती वाहती वाट आहे. जमिनीवर पिठाचा किंवा टाल्कम पावडरीचा पातळ थर दिला तर सकाळी पावलं आणि मधून गेलेली शेपटीची रेघ दिसते. ती रेघ ज्या भिंतीकडे जाते तिथे शोधा.

फोम, बोळे आणि ओलं सिमेंट

स्प्रे फोम, थर्माकोल, कापडाचे बोळे, नुसतं सिलिकॉन, प्लास्टिकची जाळी यांतलं काहीही उंदराला थांबवत नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, कुरतडणं ही त्याची गरजच आहे. खिडकीला लावलेली नायलॉनची मच्छरजाळी तो एका रात्रीत फाडतो.

सिमेंट चालतं, पण ते घट्ट होण्याआधी रात्र झाली तर सकाळी जमिनीवर ओला भुगा पडलेला सापडतो. यावर उपाय असा: काम सकाळी काढा. भोकातली सैल माती आणि जुना गिलावा खरवडून काढा, आतून पाणी मारा. स्टेनलेस स्टीलची भांडी घासायची घासणी घट्ट पिळून भोकाच्या तोंडापासून बोटभर आत ठासा. साधी लोखंडी घासणी ओलाव्यात गंजून वर्षभरात भुगा होते, ती घेऊ नका. मोठं भोक असेल तर त्याऐवजी पाव इंची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली तारेची जाळी, कापून आत बसवा. वर एका भागाला तीन भाग वाळू असा सिमेंटचा घट्ट गिलावा. जुन्या घरांत गवंडी त्यात काचेचे तुकडे घालतात, ते अजूनही उपयोगी आहे. हातमोजे मात्र घाला. पहिल्या रात्री त्यावर फरशीचा तुकडा किंवा पत्रा टेकवून वजन ठेवा आणि तीन-चार दिवस पाणी मारा.

एसी आणि वॉशिंग मशीनच्या पाइपांना हादरे बसतात, तिथे सिमेंटला तडे जातात. तिथे स्टीलची घासणी ठासून वरून सिलिकॉन भरा आणि मग फ्लँज. घासणी आत असली की सिलिकॉन कुरतडूनही पुढे जाता येत नाही.

दाराला नुसती रबरी पट्टी लावली तर ती कोपऱ्यापासून खाल्ली जाते. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या आणि उंबरठ्यापासून 6 मिलिमीटरपेक्षा कमी फट ठेवा. चौकटीचे खालचे कोपरे आधीच कुरतडलेले असतील तर त्यावर वीतभर पत्रा ठोका. नहाणीची जाळी स्क्रूने बसणारी घ्या. नुसती ठेवलेली जाळी उंदीर खालून डोक्याने उचलतो. कौलारू घरात वासे भिंतीवर टेकतात तिथल्या सांदीत वेल्डमेश बसवा आणि छपराकडे झुकलेल्या फांद्या तीन-चार फूट मागे छाटा.

एकच पिंजरा, तोही खोलीच्या मध्यावर

मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. काही घरांत औषध ठेवल्याचं मोठ्याने बोलत नाहीत, उंदीर ऐकतो म्हणून. त्यामागचा अनुभव खरा आहे, कारण वेगळं: काल नसलेली वस्तू आज वाटेत दिसली की तो तिला टाळतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस पिंजऱ्यात आमिष ठेवा, पण दार उघडंच बांधून ठेवा. तो निर्धास्त खाऊ लागला की मग चाप चढवा. लहान घरउंदीर उलट चौकस असतो, नवी वस्तू हुंगायला पहिल्याच रात्री येतो, त्याच्यासाठी थांबायची गरज नाही.

उंदीर भिंतीला मिशा लावून चालतो. स्वयंपाकघराच्या मध्यावर ठेवलेला सापळा त्याच्या रस्त्यातच येत नाही. चापाचा सापळा भिंतीला काटकोनात ठेवा, आमिषाची बाजू भिंतीकडे. लहान उंदरांसाठी दर दोन-तीन मीटरवर एक लावा. एका स्वयंपाकघरात चार-पाच सापळे एकाच रात्री लावणं हे एक सापळा महिनाभर लावण्यापेक्षा जास्त कामाचं. आमिष वाटाण्याएवढंच हवं. मोठा तुकडा ठेवला तर तो चापाला धक्का न लावता ओढून नेतो. भाजलेलं खोबरं, भजी किंवा सुका बोंबील दोऱ्याने घट्ट बांधा म्हणजे त्याला झटका द्यावाच लागतो.

पिंजऱ्यातला उंदीर समोरच्या मोकळ्या प्लॉटवर सोडू नका. तो परत येतो किंवा शेजाऱ्याकडे जातो. मुंबईत महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयातल्या कीटकनाशक विभागाला कळवता येतं. चिकट पुठ्ठ्याचा सापळा आम्ही कोणालाच सुचवत नाही. त्यावर प्राणी तासन्‌तास तडफडतो, भीतीने लघवी करत राहतो आणि त्या लघवीतूनच रोग पसरतो. पाली आणि चिमण्याही त्यावर चिकटतात.

औषधाच्या चुका, ज्या जिवावर बेततात

घरात काळी पूड, म्हणजे झिंक फॉस्फाइड, आणू नका. ते पोटातल्या आम्लाशी मिसळून फॉस्फिन हा विषारी वायू तयार करतं आणि त्यावर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट त्याहून फसवी आहे: पोटात गेल्यावर एक-दोन दिवस माणूस ठीक वाटतो आणि मग यकृत निकामी होतं. पोळीला किंवा टोमॅटोला लावून ठेवलेली अशी पेस्ट लहान मुलाच्या हाताला लागायला वेळ लागत नाही. कोणाच्याही पोटात गेल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट पाहू नका. उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका, कारण स्निग्ध पदार्थांनी फॉस्फरस आणखी शोषला जातो. वेष्टन सोबत घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जा.

ब्रोमाडिओलोनच्या वड्या (0.005 टक्के) तुलनेने सावकाश काम करतात आणि व्हिटॅमिन के-1 हा त्यांवरचा उतारा आहे. इथे होणारी चूक उतावळेपणाची. उंदीर चार-पाच दिवसांनी, कधी त्याहून उशिरा मरतो, पण दुसऱ्याच दिवशी काही घडलं नाही म्हणून लोक वड्या काढून टाकतात. वड्या कुलूपबंद पेटीतच ठेवा, घराबाहेर, डक्टच्या कडेला. रोज बघा आणि संपल्या तर भरा. घराच्या आत ठेवल्या तर उंदीर फॉल्स सीलिंगमध्ये किंवा ट्रॉलीमागे जाऊन मरतो आणि आठवडा-दोन आठवडे वास सोसावा लागतो.

यंत्रं आणि गोळ्या

प्लगमध्ये लावायच्या अल्ट्रासोनिक यंत्राच्या लहरी कपाटाच्या आणि भिंतीच्या पलीकडे जात नाहीत आणि काही दिवसांत उंदीर त्या आवाजाला सरावतात. त्या पैशात पाव इंची जाळी आणि गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी भागते. डांबर गोळ्यांनी उंदीर हटत नाहीत. उलट लहान मूल त्या तोंडात घालतं, आणि ज्यांच्यात जी-6-पीडी या एन्झाइमची कमतरता असते अशा मुलांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात.

खाणं झाकलं, पण साबण आणि वात राहिली

धान्य स्टीलच्या डब्यात गेलं, कचरा रात्रीच बाहेर गेला, तरी उंदीर टिकून राहतो, कारण साबणाची वडी त्याला चालते आणि देवघरातली तुपात भिजलेली वातही. जळती वात ओढत नेऊन कापडाला आग लागते, म्हणून झोपण्याआधी निरांजन शांत करा आणि वात झाकून ठेवा. मांजर-कुत्र्याची ताटली उचला. सिंक कोरडं करा; मोठ्या उंदराला रोज पाणी लागतं.

कोरड्या लेंड्या झाडूने लोटणं

झाडलं की धूळ नाकात जाते. हातमोजे आणि मास्क घाला, खिडक्या अर्धा तास उघडा. घरगुती ब्लीचचा एक भाग नऊ भाग पाण्यात मिसळून लेंड्यांवर शिंपडा, पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग कागदाने पुसून दुहेरी पिशवीत बांधा. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा दुसरा क्लीनर कधीही मिसळू नका. मेलेला उंदीरही हाताने उचलू नका. त्याचं अंग थंड पडलं की पिसवा नवं अंग शोधू लागतात.

पावसाळ्यात पार्किंगमध्ये साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाऊ नका. उंदराच्या लघवीतले लेप्टोस्पायराचे जंतू पायाच्या भेगेतून शिरतात. 2005 च्या महापुरानंतर मुंबईत या जंतूंमुळे होणाऱ्या तापाची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, मोठी साथ आली होती. अशा पाण्यातून गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्यांत ठणका सुरू झाला तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगा.

आपलं घर बंद, डक्ट उघडं

इमारतीत एकाच घराची भोकं बुजवली तर उंदीर पाइप धरून वरच्या मजल्यावर जातो. डक्टच्या तळाचा कचरा, फुटका ड्रेनेज पाइप आणि चेंबरचं तुटकं झाकण ही तीन कामं सोसायटीच्या बैठकीत मे महिन्यातच मंजूर करून घ्या, कारण जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बिळांत पाणी भरतं आणि सगळे उंदीर एकदम वर निघतात.

घरातलं काम झाल्यावर सापळे लगेच उचलू नका, आत अडकलेले त्यांतच सापडतात. ओट्याखाली आणि दाराजवळ पावडरीचा थर देऊन सलग 14 रात्री तपासा. एकही पाऊल उमटलं नाही तर सापळे धुऊन ठेवा आणि पेन्सिल-टॉर्चची फेरी पुढच्या मे महिन्यात पुन्हा काढा.