लिनक्सवर ब्राउझरमध्ये व्हिडिओ अडतो तेव्हा या चुका टाळा

लिनक्सवर एखादा व्हिडिओ चालला नाही की बहुतेक नवखे वापरकर्ते संदेश पुरता न वाचताच टर्मिनल (कमांड टाइप करण्याची खिडकी) उघडतात आणि कुठल्यातरी जुन्या लेखातली कमांड त्यात चिकटवतात. ती लागू पडली नाही तर दुसरी, मग तिसरी. आणि निष्फळ ठरलेली एकही कमांड कोणी मागे घेत नाही. परिणामी अशा संगणकांवर मूळ बिघाडापेक्षा आधीच्या दुरुस्त्यांचाच गाळ अधिक सापडतो आणि अर्धा वेळ तो उपसण्यात जातो.

सर्वांत जास्त आढळणारी चूक तर्काची आहे: ‘यूट्यूब चालते, म्हणजे कोडेक आहेत.’ कोडेक म्हणजे व्हिडिओ आकुंचित करणारी आणि पुन्हा उलगडणारी यंत्रणा; त्यातल्या उलगडणाऱ्या भागाला डिकोडर म्हणतात. यूट्यूब बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ या खुल्या स्वरूपांत व्हिडिओ पाठवते आणि त्यांचे डिकोडर फायरफॉक्समध्येच अंतर्भूत असतात. एच.२६४ या प्रचलित व्हिडिओ स्वरूपाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यावरील पेटंटमुळे लिनक्सवरचा फायरफॉक्स स्वतःचा डिकोडर वापरण्याऐवजी प्रणालीवरील एफएफएमपेग या मीडिया सॉफ्टवेअरची लिबएव्हीकोडेक ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड) शोधतो. त्यामुळे यूट्यूब सुरळीत चालत असताना एखाद्या बातम्यांच्या संकेतस्थळावर ‘नो व्हिडिओ विथ सपोर्टेड फॉरमॅट अँड माइम टाइप फाउंड’ असा संदेश येणे यात विसंगत काहीच नाही. फेडोरा या लिनक्स वितरणामध्ये (लिनक्सच्या तयार संचामध्ये) पेटंटच्याच कारणास्तव एफएफएमपेगची छाटलेली आवृत्ती मिळते आणि पूर्ण आवृत्तीसाठी आरपीएम फ्यूजन ही रिपॉझिटरी (पॅकेजचा ऑनलाइन साठा) जोडावी लागते; ओपनसुसे या वितरणात तेच काम पॅकमन ही रिपॉझिटरी करते. प्लगइनच्या यादीत ‘ओपनएच२६४’ हे नाव दिसले म्हणून निश्चिंत होणारेही बरेच भेटतात, परंतु फायरफॉक्सने तो प्लगइन मुख्यतः व्हिडिओ कॉलसाठी घेतलेला आहे.

एका परिचितांचा किस्सा येथे सविस्तर सांगतो. त्यांच्याकडे सतत अद्ययावत होत राहणारे वितरण होते. मात्र फायरफॉक्सची जुनी दीर्घकालीन आवृत्ती त्यांनी पॅकेज मॅनेजरच्या (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाच्या) बाहेर, होम फोल्डरमध्ये उलगडून ठेवली होती. एका अपडेटबरोबर एफएफएमपेग ७ आले आणि लिबएव्हीकोडेकचा क्रमांक ६० वरून ६१ झाला. त्या जुन्या फायरफॉक्सला ६० पर्यंतचेच क्रमांक ठाऊक असल्याने त्याने ‘व्हिडिओसाठी कोडेक बसवावे लागतील’ अशी पट्टी दाखवली. कोडेक तर बसवलेले होते. या गृहस्थांनी कोणाच्या तरी सल्ल्याने ६१ क्रमांकाच्या फाइलला ६० या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे नाव) करून दिली. फायरफॉक्स नावावर विसंबत नाही. लायब्ररी उघडल्यावर तो तिलाच तिचा क्रमांक विचारतो, त्यामुळे व्हिडिओ काही सुरू झाला नाही. सिमलिंक मात्र तशीच राहिली. काही आठवड्यांनी त्यांचा व्हिडिओ एडिटर ‘लिबएव्हीकोडेक_६० सापडत नाही’ म्हणून उघडेनासा झाला (नाव ६० असले तरी आत ६१ च होते) आणि त्यासाठी जुन्या लायब्ररीचे अस्सल पॅकेज बसवायला गेले, तर ‘ही फाइल आधीपासून अस्तित्वात आहे’ असे सांगून पॅकेज मॅनेजरने नकार दिला. तोवर ब्राउझर काढून पुन्हा बसवणे, प्रोफाइल (ब्राउझरच्या सेटिंग्ज व नोंदींचा संच) पुसणे, ड्रायव्हर बदलणे हे सगळे करून झाले होते. लायब्ररीच्या फोल्डरमध्ये ‘एलएस -एल’ ही फाइलींची यादी दाखवणारी कमांड चालवताच ६० च्या पुढे बाण आणि बाणापुढे ६१ असे स्पष्ट दिसले. ती सिमलिंक काढली, वितरणाच्या रिपॉझिटरीतला ताजा फायरफॉक्स बसवला आणि प्रश्न मिटला. प्रणालीच्या फोल्डरमध्ये कोणत्याही पॅकेजच्या मालकीची नसलेली फाइल हाताने ठेवणे हा शॉर्टकट नव्हे, ती उधारी आहे.

दुसरी मोठी चूक म्हणजे डीआरएमचे (व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या कुलपाचे) दुखणे आणि कोडेकचे दुखणे यांची गल्लत. मोफत व्हिडिओ सगळीकडे चालतात आणि फक्त पैसे भरून घेतलेली सेवा त्रुटीचा क्रमांक दाखवते, तेव्हा संशय वाइडवाइन या डीआरएमच्या घटकावर घ्यावा आणि कोडेकच्या वाटेला जाऊ नये. संरक्षित व्हिडिओसाठीची ईएमई ही पद्धत २०१७ मध्ये डब्ल्यू३सीची अधिकृत शिफारस झाली. तिच्यामागे उलगडण्याचे प्रत्यक्ष काम करणारा वाइडवाइन हा गूगलचा बंदिस्त घटक आहे. तो गूगल क्रोममध्ये सोबत येतो. वितरणाच्या क्रोमियममध्ये तो साधारणतः नसतो, आणि नेमके हेच लोक विसरतात. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जमधील डीआरएमच्या चौकटीत खूण केल्यावर तो आपोआप उतरवला जातो. ती खूण करून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि प्लगइनच्या यादीत त्याचे नाव आल्याची खात्री करून मगच पान पुन्हा उघडावे. इतका धीर नसलेले लोक लगेच एखाद्या एक्स्टेंशनने यूजर एजंट (ब्राउझरने संकेतस्थळाला सांगितलेली स्वतःची ओळख) बदलून ‘आम्ही विंडोजवर आहोत’ असे सांगू लागतात. त्याने वाइडवाइन कुठून येणार? उलट ते एक्स्टेंशन पुढे विसरले जाते आणि इतर संकेतस्थळे बिघडली की दोष लिनक्सला मिळतो.

उबुंटूवर २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतो. स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या स्वयंपूर्ण पॅकेजांमधला ब्राउझर आपापल्या कप्प्यातल्या लायब्ररी वापरतो, त्यामुळे एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या पॅकेज मॅनेजरने, कितीही कोडेक बसवले तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. आपला ब्राउझर कोणत्या मार्गाने आला आहे, हे आधी पाहावे.

माझी स्वतःची सवय अशी की, कशालाही हात लावण्याआधी ‘अबाउट:प्रोफाइल्स’मधून एक कोरे प्रोफाइल उघडायचे आणि तोच व्हिडिओ तिथे लावायचा. तिथे चालला, तर दोष एक्स्टेंशनमध्ये किंवा कधीकाळी बदललेल्या एखाद्या सेटिंगमध्ये आहे आणि टर्मिनलची गरजच नाही. नाही चालला, तर ‘अबाउट:सपोर्ट’मधील मीडिया विभाग वाचायचा, कारण कोणता कोडेक उपलब्ध आहे आणि तो सॉफ्टवेअरने उलगडतो की हार्डवेअरने, हे तिथे तक्त्यात दिलेले असते.

व्हिडिओ चालतो पण अडखळतो आणि पंखा घोंगावू लागतो, तेव्हा प्रश्न हार्डवेअर डिकोडिंगचा (ग्राफिक्स कार्डाने व्हिडिओ उलगडण्याचा) असतो. ‘अबाउट:कॉन्फिग’मध्ये दिसेल ती किल्ली फिरवण्याआधी ‘व्हीएइन्फो’ ही कमांड चालवून ड्रायव्हरच्या यादीत एच.२६४ आहे का ते पाहावे. यादीतच नसेल तर ब्राउझरमधल्या सक्तीचा काही उपयोग नाही. फेडोराने ३७ व्या आवृत्तीपासून मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचामधील एच.२६४ आणि एच.२६५चा हा आधार काढून टाकला, तेव्हा अनेकांनी विनाकारण ग्राफिक्स कार्डाला दोष दिला. बदली पॅकेज आरपीएम फ्यूजनमध्येच मिळते.

चित्र पहिल्याच फ्रेमवर थिजले असेल तर आवाजाची व्यवस्थाही तपासावी. ध्वनी पुढे सरकला नाही की व्हिडिओही अनेकदा खोळंबतो आणि पाइपवायर या ध्वनिव्यवस्थेची सेवा पुन्हा सुरू केल्यावर दोन्ही सुटतात. संगणकाचे घड्याळ चुकीचे असेल तर संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रेच नाकारली जातात. ब्राउझर उघडा असताना त्याचे अपडेट झाले असेल तर तो बंद करून पुन्हा उघडावा. याला दुरुस्ती म्हणणेही जास्त होईल, पण लोक ते करत नाहीत.

व्हिडिओ नीट चालत असूनही ४के मिळत नाही, ही तक्रार मात्र बिघाडात मोडत नाही. डेस्कटॉप लिनक्सवर वाइडवाइन एल३ या, म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअरच्या, पातळीवर चालतो आणि अनेक सशुल्क सेवा त्या पातळीला वरचे रिझोल्यूशन देतच नाहीत. त्यासाठी ड्रायव्हर, कोडेक किंवा प्रोफाइल यांपैकी कशालाही हात लावू नये.