बेळगावात पाया खोदताय? या चुका टाळा

बेळगावातल्या वडगाव-माधवपूरच्या विणकरांच्या मागांखाली सातवाहनकाळचं गाव आहे. तिथं उत्खननही झालंय. तरी प्लॉट घेताना आपण बोअरला पाणी लागेल का विचारतो, दार कुठल्या दिशेला ते विचारतो, खाली काय पुरलंय ते विचारत नाही.

खिशाला सर्वांत जड जाते ती मोजणीची चूक. केंद्राच्या संरक्षित वास्तूभोवती 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही, त्यापुढच्या 200 मीटरात परवानगी लागते. लोक टेप लावतात देवळाच्या भिंतीपासून. अंतर धरायचं ते संरक्षित हद्दीपासून. किल्ल्यातल्या 1204 च्या कमल बस्ती या जैन मंदिराजवळ काही करायचं असेल तर आधी ही हद्द नकाशावर दाखवून घ्या. ‘पंचायतीनं सही दिलीय’ हे इथं उत्तर नाही. प्राचीन वास्तूंच्या केंद्रीय कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनंतर बंदीच्या पट्ट्यातल्या बांधकामाला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुसरी चूक जेसीबीवाल्याची नव्हे, मालकाची: त्याला काहीच न सांगणं. खापरांचा थर, राखेचा काळा पट्टा, आजच्यापेक्षा बरीच मोठी वीट दिसली की बकेट थांबली पाहिजे. खापर घरात आणून धुऊन ठेवलं म्हणजे वाचलं असं नाही. ते कुठल्या थरात, कशाशेजारी होतं, यावरूनच काळ कळतो. मातीचा ढिगारा झाला की ते गेलं. म्हणून हात लावण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, खड्ड्याची खोली लिहा, तेवढा कोपरा ताडपत्रीनं झाका. बाकी काम दुसऱ्या बाजूनं चालू ठेवता येतं का, ते गवंड्याला विचारा.

वीरगळ, म्हणजे वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, निघाला की उचलून देवळापुढे रोवायचा आणि ऑइल पेंट फासायचा, ही आपली जुनी खोड. भक्ती खरी असते, पण रंगाखाली अक्षरं बुजतात.

नाणी मात्र लपवू नका. कर्नाटकाचा 1962 चा निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा आहे; डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना, कळवावं लागतं. अर्ज कानडीत लिहून घ्या, पोच मागा. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं मंडळ कार्यालय धारवाडला आहे.

आणि ‘जागा सरकार घेईल’ ही भीती? चार खापरं निघाली म्हणून जमिनीचा उतारा बदलत नाही. केंद्राला जागा संरक्षित करायची तर आधी अधिसूचना निघते, हरकतीला 2 महिने मिळतात.