मुलांनी पालेभाजी खावी असं वाटत असेल तर

भाजी किसून पराठ्यात लपवा, भाताला डोळे-नाक काढा, असले सल्ले ऐकून माझे कान किटले आहेत. लपवलेल्या भाजीने मुलाला पराठा आवडायला लागतो, भाजी नाही. आमच्या घरी दोन मुलं आहेत आणि दोघंही आता शेपू खातात. नाटकं सगळी करून झाल्यावर जे उपयोगी पडलं, तेवढंच सांगतो.

आधी आठवडाभर स्वतःचं ताट बघा. मी दोडक्याच्या भाजीवर मूठभर शेव घ्यायचो आणि ते माझ्या लक्षातही येत नव्हतं. "बाबा, माझ्या भाजीवर शेव कुठाय?" असं लेकीने विचारलं तेव्हा आलं. त्या महिन्यापासून किराण्याच्या यादीतून शेव गेली.

स्वयंपाक सगळ्यांना एकच. पानात वरण-भातासारखं एखादं मुलांच्या ओळखीचं असू द्या, म्हणजे कुणी उपाशी उठत नाही. टीव्ही, मोबाइल बंद, तुमचासुद्धा. चारचं खाणं झालं की रात्रीच्या जेवणापर्यंत बिस्किटाचा डबा उघडायचा नाही.

आता खरा अवघड भाग. जेवताना भाजीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. वाचायला सोपं वाटतं, पण मला हे जमायला वर्ष गेलं. सुरुवातीला मी प्रत्येक घासाला "अहाहा, काय झालीय भाजी!" करायचो. चार वर्षांची मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, तू खोटं खोटं खातोयस." मग लाच सुरू केली, भाजी संपवलीस तर आइस्क्रीम. त्यातून ती एवढंच शिकली, की ज्याच्यासाठी बक्षीस द्यावं लागतं ते वाईटच असणार. अमेरिकेत लीअ‍ॅन बर्च आणि सहकाऱ्यांनी 1984 साली लहान मुलांवर हेच तपासलं होतं. नवीन पेय प्यायल्याबद्दल ज्यांना बक्षीस मिळालं त्यांना ते पेय नंतर कमी आवडू लागलं, आणि नुसती शाबासकी मिळालेल्यांचंही तसंच झालं. म्हणजे "शाब्बास!"सुद्धा नको.

मग करायचं काय? भाजी आधी स्वतःच्या पानात वाढून घ्या आणि खा. आवडली तर "अजून आहे का?" विचारा, पण खरंच हवी असेल तरच. मुलाला अर्धा चमचा वाढा, त्याहून जास्त नाही. 'पानात टाकायचं नाही' हा आपल्याकडचा नियम मलाही मान्य आहे. म्हणूनच इतकं कमी वाढायचं, की टाकलं तरी कुणाचा जीव तुटू नये. काय आणि कधी वाढायचं ते आपण ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते मुलाने.

आणि मोजत राहा. नवी चव अंगवळणी पडायला दहा-पंधरा वेळा लागू शकतात. बहुतेक आईबाप तिसऱ्या वेळेला "याला आवडतच नाही" म्हणून हात टेकतात. आमच्याकडे दिवाळीनंतर दर बुधवारी शेपू व्हायची. संक्रांतीच्या आसपास लेकीने त्यातली मूगडाळ एकेक दाणा करून वेचून खाल्ली. मी माझ्या भाकरीकडे बघत बसलो. पुढच्या बुधवारी डाळीला चिकटलेली दोन-चार पानंही पोटात गेली, आणि तेवढ्यात आजी म्हणाली, "बघ, खाल्लीस की नाही!" झालं. पुढचे तीन आठवडे वाटी जशीच्या तशी परत. तेव्हा घरातल्या मोठ्यांना आधीच गाठा. मी सरळ सांगितलं, "आई, तिच्या ताटाकडे बघूच नकोस." होळीपर्यंत ती भाकरीच्या तुकड्यात चिमूटभर भाजी घ्यायला लागली.

मुलाचं वजन घटत असेल किंवा घास घशाखाली उतरतच नसेल, तर मात्र यातलं काही करत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

कारलं मला स्वतःला आवडत नाही. तोंड वाकडं न करता एक चकती खातो, दुसरी घेत नाही. धाकट्याने ते बरोबर हेरलंय. तोही मोजून एकच घेतो.