अलॉय चाकांना रबर-कोट: घरच्या घरी मारायचा आणि नंतर सोलायचाही

रबर-कोट म्हणजे स्प्रे-कॅनने मारायचा आणि नको झाला की सोलून काढायचा रबराचा थर. तो नीट बसला की नाही हे मारताना कळत नाही, काढताना कळतं. थर जाड असेल तर चाकावरून तो मोज्यासारखा सलग उतरतो. पातळ असेल तर नखाएवढे तुकडे निघतात आणि एका चाकापायी अख्खी दुपार जाते. म्हणून कॅन मोजूनच आणा: १५-१६ इंची चाकाला ४०० मिलीचा एक, म्हणजे चार चाकांना चार आणि हाताशी एक जादा. तीन कॅनमध्ये चारही चाकं काळी दिसतात खरी, पण ती सोलता येत नाहीत.

या मालाला सगळे सर्रास ‘प्लास्टी डिप’ म्हणतात. ते एका अमेरिकन कंपनीचं नाव. मुळात पकडी-पान्यांच्या मुठी बुडवून काढायचं ते द्रव रबर. बाजारात इतरही ब्रँड मिळतात. कॅनवर ‘सोलता येणारा’ असा स्पष्ट उल्लेख आहे ना, तेवढं पाहा. साधा काळा स्प्रे-पेंट त्याच शेल्फवर शेजारी असतो.

हवामान आधी बघा. जून ते सप्टेंबर या कामाच्या वाटेला जाऊ नका. कोट सुकताना त्यातलं सॉल्व्हंट (रबर पातळ ठेवणारं द्रव) उडून जातं आणि पृष्ठभाग थंड करतं, दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि काळ्या चाकावर पांढुरकी झाक येते. कोकणपट्टीत ऑक्टोबरमध्येही ही झाक येते, तिथे डिसेंबर-जानेवारी बरे. तापमान २० ते ३२ अंश, वारा नसलेली सावली. उन्हात तापलेल्या चाकावर मारलात तर वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतलं सॉल्व्हंट अडकतं आणि बुडबुडे येतात. हिवाळ्यात रात्री दव पडतं, तेव्हा चार वाजायच्या आत काम आटोपेल असं बघा.

जागा उघडी हवी. वाफ पटकन पेट घेते, त्यामुळे जवळ गॅस गीझर, निरांजन, सिगारेट, चालू इंजिन काही नको. बंद तळघरातलं पार्किंग तर नकोच. कापडी किंवा साधा धुळीचा मास्क सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. ही वाफ शोषणारं ‘ऑरगॅनिक व्हेपर’ फिल्टरचं काडतूस असलेला, नाक-तोंड झाकणारा अर्धा मास्क घ्या, नायट्राइल हातमोजे घाला.

खरा वेळ धुण्यात जातो. चाकावर ब्रेकची लोखंडी धूळ, डांबराचे ठिपके आणि टायर-पॉलिशचं सिलिकॉन असतं. सिलिकॉन राहिलं की कोट तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. डांबर रॉकेलने काढा, मग भांडी घासायच्या लिक्विडने दोनदा घासा. स्पोकच्या मागच्या बाजूला जुना टूथब्रश लागतो. आता चाकावर पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर ठीक. थेंब-थेंब होऊन राहिलं तर तेल किंवा मेण अजून आहे, पुन्हा घासा. चाक वाळलं की शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका.

चाक काढून मारणं उत्तम, मात्र नटांच्या बसण्याच्या जागा झाकायलाच हव्यात. तिथे रबर राहिलं तर नट त्याच्यावर आवळला जातो, रबर हळूहळू दबतं आणि नट सैल पडतो. चाकाची जी बाजू हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर) टेकते तिचंही तेच. दोन्ही जागा कोऱ्या धातूच्या हव्यात. चाक परत बसवताना गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने (नट आवळायच्या ठरलेल्या जोराने) आवळा आणि ८०-१०० किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. चाक गाडीवर ठेवूनच मारणार असाल तर स्पोकमधून दिसणारी ब्रेक डिस्क आणि कॅलिपर वर्तमानपत्राने पूर्ण झाका.

टायर झाकायला पत्त्यांचा कॅट आणा. रिम आणि टायर यांच्या फटीत पत्ते एकावर एक अर्धे सरकवत गोलाकार खोचायचे. १५-१६ इंची चाकाला चाळीसेक पत्ते लागतात, म्हणजे एका कॅटमध्ये एक चाक. हवा भरायच्या व्हॉल्व्हला मास्किंग टेप गुंडाळा.

आता मारणं. कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. उकळतं पाणी नको, गॅसची शेगडी तर नकोच. आतली गोळी वाजू लागल्यापासून पूर्ण एक मिनिट हलवा. नोझल १५ ते २० सेंटीमीटरवर धरा. हात चाकाच्या बाहेर असताना दाबायचं, चाक ओलांडून गेल्यावर सोडायचं. मध्येच दाबलं-सोडलं की तिथे थुंकी उडते. नोझलच्या तोंडाशी थेंब जमतो, तो दर दोन मिनिटांनी कापडाने टिपा.

पहिला हात अगदी विरळ, धुक्यासारखा. मूळ रंग निम्म्याहून जास्त दिसायला हवा. पहिल्याच हाताला चाक काळंभोर झालं तर ओघळ आलेच म्हणून समजा. पंधरा-वीस मिनिटं थांबा. दुसरा हात थोडा भरून. तिसरा, चौथा आणि पाचवा हात ओले: मारल्याबरोबर थर चकचकीत, सलग दिसला पाहिजे, सुकला की मॅट होतो. प्रत्येक हाताला दिशा बदला, एकदा स्पोकच्या डावीकडून, एकदा उजवीकडून, नाहीतर स्पोकच्या बगला कोऱ्या राहतात. सोलताना हमखास फाटतं ते या बगलांत आणि रिमच्या काठाला. उरलेला माल सपाट तोंडावर घालवू नका, इथे घाला.

ओघळ आला तर बोट लावू नका, सुकताना तो बराच बसतो. डास चिकटला तर चिकटू द्या. थर सुकल्यावर चिमट्याने उचला आणि वरून पुढचा हात मारा. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत आला तर तुम्ही लांबून मारताय, थेंब हवेतच सुकतायत.

पाचवा हात ओला असतानाच टेप काढा. पत्तेही तेव्हाच, सरळ बाहेर ओढून. कोट सुकल्यावर टेप ओढली की तिच्याबरोबर रबराची झालर निघून येते. उशीर झालाच तर टेपच्या काठावर नवीन ब्लेड अलगद फिरवा आणि मगच ओढा. टायरवर उडालेलं रबर सुकल्यावर बोटाने चोळलं की निघतं.

चार तासांत हात लावता येतो. गाडी दुसऱ्या दिवशी काढा, धुणं आठवडाभर नको. नंतरही प्रेशर वॉशरची नळी हातभर लांब ठेवा आणि काठावर तिरकी मारू नका.

पेट्रोल हा या कोटचा शत्रू, त्याने तो विरघळतो. त्यामुळे मोटारसायकलच्या टाकीवर मारायच्या फंदात पडू नका. चाकांऐवजी बोनेटला मारायचं तर चार-पाच कॅन लागतात. नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर किमान महिना थांबा, आणि रंग आधीच पोपडे धरत असेल तर कोटबरोबर तोही निघेल. सबंध गाडी हे कॅनचं काम नाही. मध्यम आकाराच्या गाडीला पंधरा लिटरच्या आसपास माल आणि स्प्रेगन लागते. शिवाय आरसीवर रंगाची नोंद असते, तेव्हा आधी आरटीओत विचारा. नंबर प्लेट आणि दिवे यांवर काहीही मारू नका.

सोलायला दोनेक वर्षांच्या आत घ्या. उन्हाने रबर कडक होतं, मग ते ताणत नाही, तुटतं. सुरुवात रिमच्या काठावरून करा: हेअर ड्रायरने कोमट करायचं, अंगठ्याने गोल चोळून कड वळवायची आणि मग सावकाश, चाकाला चिकटून ओढायचं. वर उचलून ओढलं की फाटतं. तुकडे पडू लागले तर थांबा. चाक धुऊन, वाळवून त्याच कोटवर आणखी दोन ओले हात मारा, रात्रभर सुकू द्या आणि सकाळी जाड झालेला थर सोला. कोपऱ्यांत उरलेले ठिपके डब्ल्यूडी-४० लावून पाच मिनिटं ठेवले की फडक्याने पुसले जातात. ब्रेकच्या डिस्क आणि पॅडवर मात्र त्याचा थेंबही उडू देऊ नका.