टेक्निकल प्रेझेंटेशन द्यायचंय? आधी लॅपटॉप बंद करा

पुढच्या आठवड्यात टीमसमोर नाहीतर कॉलेजात एक्स्टर्नलसमोर प्रेझेंटेशन आहे म्हटलं की आपण पहिलं काय करतो, तर कुणाचीतरी जुनी पीपीटी मागून घेतो, वरचं नाव बदलतो आणि इंट्रोडक्शनपासून भरायला लागतो. इथंच फिस्कटतं सगळं. त्यापेक्षा लॅपटॉप मिटा, एक कोरा कागद घ्या आणि एकच वाक्य लिहा, की माझं ऐकून झाल्यावर समोरच्यानं नेमकं काय करायचंय किंवा काय ठरवायचंय. "डेटाबेस इंडेक्सिंगची (डेटा पटकन सापडावा म्हणून केलेल्या सूचीची) माहिती" हा नुसता विषय झाला. "ऑर्डर्सच्या टेबलवर तारखेचा इंडेक्स टाकायला दोन दिवस द्या, ९ सेकंद लागणारा रिपोर्ट एका सेकंदाच्या आत येईल" हे झालं वाक्य. ते सुचत नसेल तर प्रेझेंटेशन अजून तयारच नाहीये, स्लाईड कितीही देखण्या असू द्या.

आणि हे वाक्य पहिल्या दोन मिनिटांत बोलून टाका. कीर्तनात पूर्वरंग आधी आणि आख्यान नंतर, तिथे ते शोभतं, पण मीटिंगमध्ये मॅनेजर पंधराव्या मिनिटाला दुसऱ्या कॉलला पळतो आणि तुमचं आख्यान तसंच राहतं.

महत्त्वाचा आकडा तळाशी पुरला तर काय होतं याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे नासाचं कोलंबिया अवकाशयान. १६ जानेवारी २००३ ला उड्डाण झालं तेव्हा इंधन टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच इंजिनियरांनी नासाच्या लोकांना स्लाईड दाखवल्या, त्यातल्या एका स्लाईडचं शीर्षक असं, की वाचणाऱ्याला वाटावं, असा फोम आदळल्यावर काय होतं याच्या आधीच्या चाचण्यांचे निष्कर्ष आपल्या बाजूनेच आहेत. खाली बुलेट, बुलेटच्या पोटात बुलेट, आणि अगदी शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं की आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंच आणि चाचणीतला होता ३ घन इंच. म्हणजे ६४० पट मोठा! ज्या चाचण्यांवर भरवसा ठेवायचा त्या या प्रसंगाला लागूच नव्हत्या, आणि ही गोष्ट स्लाईडच्या तळाशी. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं, कल्पना चावलांसह सातही जण गेले. अपघात स्लाईडमुळे झाला असं कुणी म्हणत नाही, पण माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाईडची चिरफाड केली आणि चौकशी मंडळाच्या अहवालातही तिच्यावर ताशेरे आले.

तर धडा सोपाय. स्लाईडच्या डोक्यावर "रिझल्ट्स", "परफॉर्मन्स अॅनालिसिस" असलं काही लिहू नका, निष्कर्षच पूर्ण वाक्यात लिहा: "कॅश (cache, वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवायची सोय) टाकल्यावर डेटाबेसवरचा लोड निम्मा झाला". खाली त्याचा पुरावा, एक ग्राफ, बस. ग्राफच्या अक्षांवर एकक लिहायचं, मिलिसेकंद का सेकंद हे लोकांनी ओळखायचं नसतं. लाल-हिरव्या रेषांवर सगळा फरक ठेवू नका, तो फरक न दिसणारे लोक असतात, आणि प्रोजेक्टरवर तर पिवळी रेषा कुणालाच दिसत नाही.

कोड दाखवायचा असेल तर आठ-दहा ओळी, त्यापेक्षा जास्त नको, आणि ज्या ओळीबद्दल बोलताय ती ठळक. टर्मिनलचा (कमांड टाइप करायच्या खिडकीचा) फॉन्ट तुम्हाला लाज वाटेल इतका मोठा करा आणि शेवटच्या रांगेत जाऊन स्वतः वाचून बघा. काळ्या बॅकग्राउंडवरचा करडा मजकूर लॅपटॉपवर भारी दिसतो, उजेड असलेल्या हॉलमध्ये नुसता काळा चौकोन.

आता डेमो. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९८६ मध्ये चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेच्या सुनावणीत रॉकेटच्या सांध्यात बसवतात त्या रबराच्या रिंगचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, थोड्या वेळाने काढला आणि दाखवलं की गारठ्यात रबर लगेच मूळ आकारात येत नाही. एक ग्लास पाणी, एक मुद्दा. आपण मात्र लॉगिनपासून रिपोर्टपर्यंत अख्खं अॅप फिरवून दाखवायला जातो. मी एकदा असाच लाइव्ह डेमो द्यायला उभा राहिलो, हॉलच्या वायफायवर ओटीपीच येईना, चाळीस लोक माझ्याकडे बघतायत आणि मी फोन खिडकीकडे धरून उभा. तेव्हापासून डेमोचा दोन मिनिटांचा व्हिडिओ रेकॉर्ड करून लॅपटॉपवरच ठेवतो (ड्राइव्हवर नाही हां, नेट गेलं की तोही गेला).

बाकी बारीकसारीक गोष्टी: मराठी मजकूर असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा आणि एक पीडीएफ कॉपी जवळ ठेवा, नाहीतर जुन्या फॉन्टमधलं लिखाण दुसऱ्याच्या मशीनवर निव्वळ कचरा दिसतं. एचडीएमआयचा कन्व्हर्टर स्वतःचा न्या. व्हॉट्सअॅप वेब बंद करा, का ते सांगायला नको. पॉवरपॉइंटच्या शोमध्ये कीबोर्डवरचं इंग्रजी B दाबलं की स्क्रीन काळी होते, लोकांनी तुमच्याकडे बघावं असं वाटतं तेव्हा फार उपयोगी पडतं.

भाषेचं म्हणाल तर समोरची माणसं मराठी असतील तर बिनधास्त मराठीत बोला, फक्त लॅटन्सीसारख्या (उत्तर यायला लागणारा वेळ) तांत्रिक शब्दाला मराठी शब्द शोधत बसू नका. इंग्रजीत पाठ करून बोललं की मधेच एक वाक्य विसरतं आणि पुढची सगळी गाडी अडते, हे तोंडी परीक्षेत कित्येकांचं होताना पाहिलंय.

सराव मनातल्या मनात करून उपयोग नाही, उभं राहून, मोठ्यानं, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून करा. २० मिनिटं मिळाली असतील तर १५ मिनिटांचंच बोलणं तयार करा, कारण सुरुवातीची पाच मिनिटं केबल शोधण्यात जातात. घरात आई किंवा रूममेट पकडा आणि त्यांना फक्त पहिली दोन मिनिटं ऐकवा, "मग तुला पाहिजे काय नेमकं?" असं त्यांनी विचारलं तर परत कागदावरच्या वाक्याकडे जा.

प्रश्न आला की आधी तो पुन्हा मोठ्यानं म्हणा, मागच्यांना ऐकू गेलेला नसतो आणि तुम्हालाही विचार करायला पाच सेकंद मिळतात. उत्तर येत नसेल तर "हे मोजलेलं नाहीये, उद्यापर्यंत मेल करतो" म्हणा, विचारणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे लिहून घ्या आणि खरंच मेल करा.